आरोग्यसेवेतील उणीव : संख्येची आणि उमेदीची

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व्याख्यानमालेत झालेले भाषण. वक्त्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी असून फरीदाबाद येथे परिचर्या शिक्षिका म्हणून दीर्घकाळ सेवा करून निवृत्त झाल्या आहेत.)



शाळेच्या हीरक महोत्सवात बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल संस्थेची मी मनःपूर्वक ऋणी आहे. माझ्या पेशात बोलण्यापेक्षा ऐकण्याची आणि नोंद ठेवण्याची सवय अधिक लागते. त्यामुळे आज मी व्याख्यान देण्याऐवजी, इतक्या वर्षांत जे पाहिले आणि नोंदले त्याचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहे.

ज्या 1965 साली आपल्या शाळेची घंटा पहिल्यांदा वाजली, त्याच वर्षी येथून फार दूर, दिल्लीच्या दक्षिणेला बल्लभगड या गावी आणखी एका कामाचा आरंभ झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे एम्सने, राज्य शासनाच्या सहकार्याने तेथे ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रकल्प सुरू केला. हरियाणा राज्य तेव्हा जन्मालाही आले नव्हते. तो प्रदेश पंजाबात मोडत असे. आज बल्लभगड फरीदाबाद जिल्ह्यात आहे आणि दिल्लीची मेट्रो 2018 पासून थेट तेथपर्यंत जाते. दयालपूर आणि छांयसा ही दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या भोवतालची 28 गावे हे या प्रकल्पाचे मुख्य कार्यक्षेत्र. देशातील सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेत शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांनी प्रशिक्षणाच्या काळात या गावांत राहून काम करावे, ही त्यामागची कल्पना होती आणि ती आजही पाळली जाते.

या गावांत येणारा तरुण डॉक्टर काही आठवड्यांनी परत जातो. वर्षानुवर्षे तेथे राहते ती आरोग्यसेविका. कोणत्या घरात गरोदर स्त्री आहे, कोणाच्या बाळाची लस राहिली आहे, कोणाला क्षयाची औषधे चालू आहेत, हे घरोघरी फिरून ती टिपते. त्या टिपणांच्या आधारावर बल्लभगडच्या नोंदी उभ्या राहिल्या. संगणक आपल्या सरकारी कचेऱ्यांत रुळण्यापूर्वीच, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, त्या संगणकावर चढल्या आणि पुढे कितीतरी संशोधनाचा पाया झाल्या. शोधनिबंधांवर नावे विद्वानांची असतात; पण त्यातील प्रत्येक आकड्यामागे उन्हातान्हात एखाद्या अंगणात उभी राहिलेली एक सेविका असते. आजचा माझा विषय हीच माणसे आहेत. ती कमी का पडतात आणि जी आहेत त्यांची उमेद का खचते, एवढाच प्रश्न मला आपल्यासमोर ठेवायचा आहे.

प्रथम संख्येकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली आपला वार्षिक अहवाल याच प्रश्नाला वाहिला होता. डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांची तीव्र टंचाई असलेले 57 देश त्यात दाखवले होते आणि त्यांत भारताचाही समावेश होता. आफ्रिका विभागावर जगातील एकूण रोगभारापैकी 24 टक्के भार असताना आरोग्य कर्मचारी मात्र जगातील 3 टक्केच होते. अलीकडच्या अंदाजानुसार 2030 पर्यंत जगाला एक कोटीहून अधिक आरोग्य कर्मचारी कमी पडणार आहेत, आणि ही उणीव मुख्यतः गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या वाट्याला येणार आहे. श्रीमंत देशांना माणसे कमी पडली तर ते गरीब देशांतून घेतात. गरीब देशांनी कोठून घ्यावीत?

आपल्या देशाने संख्या वाढवली नाही असे म्हणता येणार नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत एम.बी.बी.एस.च्या जागा दुपटीने वाढून एक लाखाच्या पुढे गेल्या. आमच्या फरीदाबाद जिल्ह्यातच या काळात वैद्यकीय महाविद्यालये निघाली. 2022 मध्ये तेथे एका मोठ्या खासगी रुग्णालयाचे उद्घाटन झाले, ज्याची नियोजित क्षमता 2600 खाटांची आहे. असे असूनही त्याच सुमाराची शासकीय आकडेवारी सांगते की, ग्रामीण रुग्णालयांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ अशा विशेषज्ञांच्या आवश्यक जागांपैकी जवळजवळ चार पंचमांश जागांवर माणूसच नव्हता. खाट विकत घेता येते, यंत्रही घेता येते. त्या खाटेशेजारी रात्री तीन वाजता जागे राहणारे माणूस केवळ विकत घेऊन चालत नाही. ते घडवावे लागते आणि घडल्यावर टिकवावे लागते. टिकवणे हा उमेदीचा प्रश्न आहे.

उमेद हा शब्द उच्चारला की आपण लगेच त्यागाकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्यांचे स्मरण करून आपली मान आदराने लवते. परंतु थोरांच्या त्यागाचा दाखला देऊन सामान्य कर्मचाऱ्याचा पगार थकवता येत नाही. सावित्रीबाईंनी स्वतःचे आयुष्य स्वतः वाहिले. आपण मात्र दुसऱ्याचे आयुष्य परस्पर वाहून टाकतो आणि त्याला सेवाभाव म्हणतो. 22 मार्च 2020 च्या सायंकाळी देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्या मनापासून वाजल्या होत्या, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच दिवसांत काही ठिकाणी, रुग्णालयातून घरी परतणाऱ्या परिचारिकांना भाड्याची घरे सोडण्यास सांगितले गेले, हेही आपण विसरू नये.

मग उमेद टिकते कशाने? याची दोन उत्तम उत्तरे महाराष्ट्राच्याच मातीत मिळतात.

पहिले जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आले. खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न होता. पण बाहेरून आलेल्या त्या मुली खेड्यात टिकेनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एखादी स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, असा मार्ग काढण्यात आला. निवडल्या गेलेल्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील होत्या. या स्त्रियांना नियमाने जामखेडला बोलावून शिकवले जाई. आपल्या गावात काय घडले ते त्या सांगत, अडलेले विचारत आणि नवे शिकून परत जात. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर त्यांना थांबावे लागत असे, त्याच घरांत बाळंतपणासाठी त्यांना सन्मानाने बोलावणे येऊ लागले. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उत्तर गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. थोडेफार शिकलेल्या या स्त्रिया बाळाचे वजन करू लागल्या, श्वास मोजू लागल्या, जंतुसंसर्ग ओळखू लागल्या आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देऊ लागल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्या गावांतील नवजात बालकांचा मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. या यशाचे श्रेय आपण त्या स्त्रियांच्या कळकळीला देतो, आणि ते रास्तच आहे. परंतु कळकळीसोबत तेथे एक शिस्तही होती. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर प्रत्येक गावात जाऊन नोंदी तपासत आणि चुकले तेथे पुन्हा शिकवत. आपण लिहिलेले कोणीतरी वाचते, हे त्या सेविकेला ठाऊक होते.

मी स्वतः परिचर्येच्या विद्यार्थिनींना घेऊन खेड्यांत जात असे. उत्तीर्ण झालेल्या मुली काही वर्षांनी भेटत, तेव्हा नोकरी सोडणाऱ्या मुलींना मी कारण विचारीत असे. पगाराची तक्रार असे, ती खरीही असे. पण त्याहून अधिक वेळा दुसरेच ऐकू येई. एकजण म्हणाली, “मॅडम, तीन वर्षे रजिस्टर भरले. चूक झाली त्या दिवशी साहेब आले; बाकी कोणी पान उलटून पाहिले नाही.” दुसरीला रात्रपाळीनंतर घरी पोचवायला वाहन नव्हते. तिसरी सात वर्षे कंत्राटावर होती. दर वर्षी मार्च आला की तिची झोप उडे. या मुली आळशी नव्हत्या की स्वार्थी नव्हत्या. त्यांची उमेद आटली, कारण तिला पाणी घालणारी व्यवस्था तेथे नव्हती.

या अनुभवांतून मला चार गोष्टी दिसतात. श्रमाचा रास्त आणि वेळेवर मोबदला. शिकत राहण्याची आणि वर चढण्याची संधी. अडचणीत हाक मारली तर ओ देणारे वरिष्ठ. आणि समाजाने दिलेला मान. या चार खांबांपैकी एखादा कमकुवत असला तरी माणूस काही काळ तग धरतो. चारही ढासळले तर देवमाणूसही निघून जातो.

आफ्रिकेतील दोन देशांनी यातील पहिल्या खांबाकडे गांभीर्याने पाहिले. मलावी या अत्यंत गरीब देशाने 2004 मध्ये परदेशी मदतीच्या आधारे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात 52 टक्के वाढ केली आणि प्रशिक्षणाच्या जागाही वाढवल्या. पुढील पाच-सहा वर्षांत प्रमुख संवर्गांतील कर्मचारी सुमारे दीडपट झाले. इथिओपियाने 2003 पासून प्रत्येक ग्रामविभागात दहावीपर्यंत शिकलेल्या दोन तरुणी नेमल्या, त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण दिले आणि शासकीय सेवेत घेऊन पगार सुरू केला. अशा तीस हजारांहून अधिक सेविका तेथे उभ्या राहिल्या. मनुष्यबळावर खर्च करणे ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज या गरीब देशांनी खोटा ठरवला.

आपल्याकडे काय झाले? 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्यात आली. आज देशात सुमारे दहा लाख आणि महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशाताई आहेत. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गडचिरोलीचा प्रयोग 2011 पासून देशभर त्यांच्याच पायांनी पोहोचला. आशाताई सहा आठवड्यांत सहा वेळा बाळंतिणीच्या घरी जाते. जन्म दवाखान्यात झाला असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सर्व भेटींचा मिळून ठरलेला मोबदला 250 रुपये होता. एका भेटीचे बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. नियमांच्या भाषेत ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. म्हणून तिला पगार नसतो, मानधन असते. मराठीत हा शब्द मोठा गोड आहे. मात्र त्यातील मान सभेत मिळतो आणि धनासाठी रस्त्यावर उतरावे लागते.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. ऑगस्ट 2023 मध्ये हरियाणातील आशाताई संपावर गेल्या. दोन महिन्यांहून अधिक काळ संप चालला, तेव्हा राज्याने त्यांचे मासिक मानधन 4000 वरून 6100 रुपये केले. महाराष्ट्रातील आशाताईंनीही त्याच हिवाळ्यात आंदोलन केले आणि मार्च 2024 मध्ये मानधनात 5000 रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. जिने बाळाचे वजन घ्यायचे, तिला महिनोन्महिने मैदानात बसावे लागले. त्या काळात किती भेटी राहिल्या असतील, याची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये सापडणार?

शहरातील परिचारिकेची कथा याहून फार निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सुचवले की, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये वेतन मिळावे आणि 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते शासकीय परिचारिकेइतके असावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आपल्या तालुक्यातील एखाद्या दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरला तिचा पगार जरूर विचारा. शिफारस कोठवर पोहोचली ते कळेल.

आता मी आपल्या घरात शिरते, कारण चौथा खांब शासनाचा नसून आपला आहे.

आपल्या शाळेतील कोणत्याही मुलाला विचारा, पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण? तो तत्काळ आनंदीबाई जोशी हे नाव सांगेल. 1886 साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी आपल्याला सोडून गेल्या. त्यांचे चरित्र आपल्या मनावर कोरलेले आहे आणि तसेच राहो. आता दुसरा प्रश्न विचारा. प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका कोण? परिचर्येच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत 1891 साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव येते. नाव आपल्याच भाषेतले आहे, तरी ते या सभागृहात किती जणांनी ऐकले असेल? 1909 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी परिचर्येच्या शिक्षणासाठी विधवा आणि निराधार स्त्रियांना पुढे आणले. परपुरुषाला औषध पाजणारी बाई म्हणून ज्यांच्याकडे लोक तिरकस नजरेने पाहत, त्यांना रमाबाईंनी पाठबळ दिले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ती नजर पुरती सरळ झालेली नाही.

दिल्ली आणि फरीदाबादच्या रुग्णालयांत मी आयुष्य काढले. तेथील परिचारिकांच्या खोलीत मल्याळम जितकी कानावर पडते, तितकी मराठी पडत नाही. केरळच्या कुटुंबांनी परिचर्येला घराचा अभिमान मानले. आपण काय केले? मुलगी हुशार निघाली तर डॉक्टर. गुण कमी पडले तर “निदान नर्सिंग तरी कर”. त्या ‘निदान’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांत आपण एका पेशाची सारी उमेद पहिल्याच दिवशी मारून टाकतो. मी शाळेत वरच्या क्रमांकात होते. परिचर्येची निवड केली तेव्हा नातेवाइकांनी घरी येऊन माझ्या आईचे सांत्वन केले होते. सांत्वनाचे कारण आईला उमगले नाही, हे माझे भाग्य.

पालकहो, आपल्या लेकीने परिचारिका, आपल्या लेकाने प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ किंवा औषधनिर्माता व्हायचे म्हटले, तर तो पराभव मानू नका. आजारपणात डॉक्टर दिवसातून काही मिनिटे दिसतो. उरलेले सारे तास हीच माणसे आपल्याला जपतात. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी जे पंचायतीत, नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत आहेत, त्यांनी आपल्या उपकेंद्रात एकदा जाऊन पाहावे. तेथे सेविकेला राहण्याजोगे घर आहे का, रात्री दिवा आणि पाणी आहे का, स्वच्छतागृहाला कडी आहे का? माणूस खेड्यात का टिकत नाही, याचे अर्धे उत्तर अहवालापेक्षा त्या कडीत सापडते.

संस्थेपुढे मी तीन नम्र सूचना ठेवते. पहिली, या साठ वर्षांत आपल्या शाळेतून किती डॉक्टर झाले याची यादी स्मरणिकेत येईलच. त्याच पानावर परिचारिका, आरोग्यसेवक, तंत्रज्ञ आणि आशाताई झालेल्यांचीही नावे यावीत. दुसरी, परिचर्येचे किंवा तत्सम शिक्षण घेणाऱ्या एका गरजू विद्यार्थ्याला दर वर्षी शाळेतर्फे शिष्यवृत्ती द्यावी. पहिल्या पाच वर्षांचा भार उचलण्याची माझी तयारी आहे. तिसरी, शिक्षकदिनी जसा गुरुजनांचा सत्कार होतो, तसा 12 मे या परिचारिका दिनाच्या सुमारास गावातील आरोग्यसेविकेला शाळेत बोलवावे. हारतुऱ्यासाठी नव्हे. तिने मुलांना तासभर शिकवावे, मुलांनी तिला प्रश्न विचारावेत, आणि तिच्या अडचणी लिहून त्या पंचायतीकडे धाडाव्यात. तिचे रजिस्टर कोणीतरी वाचते, हे तिला कळू द्या.

साठ वर्षांपूर्वी या शाळेत पहिली घंटा वाजली तेव्हा संस्थापकांकडे इमारत नव्हती, निधी नव्हता. शिकवणारी माणसे होती आणि त्यांच्यामागे उभे राहणारे गाव होते, असे आपण अभिमानाने सांगतो. दवाखान्यालाही याहून निराळे काही लागत नाही. शिक्षकांमागे जे गाव उभे राहिले, ते आपल्या सेविकांमागेही उभे राहील, असा मला विश्वास वाटतो. शाळेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेते.